आरास, बाग आणि आमची मीटरगेज

(मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात 'आपले छंद' या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

कार्यवाहांनी मला बजावलंय, "काकू, पंचवीस मिनिटं. नंतर आरती आहे." मी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे पंचेचाळीस मिनिटांच्या तासाची सवय हाडीमाशी भिनली आहे. तेव्हा वेळ झाली की घंटा तुम्हीच वाजवा. इथे घंटा आहेच.

आमच्या घरामागच्या अंगणात एक आगगाडी धावते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. बच्चे कंपनी तर रविवारी सकाळी हक्काने येते. गाडी आमच्या ह्यांची. रूळ, इंजिन, डबे, सिग्नल, स्टेशनाची इमारत हा सगळा त्यांचा कारभार. झाडं माझी. लोक येतात, गाडीचं कौतुक करतात आणि जाताना म्हणतात, "अरे, ही झाडं खरी आहेत की काय?" मला वाटतं, आज त्या प्रश्नाबद्दलच बोलावं. खरी झाडं लावून खोटं गाव उभं करायचं, म्हणजे नेमकं काय करावं लागतं?

ही कल्पना आपल्याला परकी मुळीच नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येकाने दिवाळीचा किल्ला केला असेल. विटा, दगड, वर ओलं पोतं, त्यावर चिखलाचा लेप. मग बुरूज, पायऱ्या, गुहा आणि शेवटी उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची. चार दिवसांत किल्ल्यावर जंगल! मावळे त्या जंगलात कमरेपर्यंत बुडालेले. इथे कर्नाटकात दसऱ्याला बाहुल्या मांडतात, त्यातही ताटलीत नाचणी किंवा मोहरी उगवून छोटं उद्यान करतात. अळिवाचं रोप एवढं नाजूक आणि दाट असतं, की दोन इंची मावळ्याशेजारी ते झाड शोभतं. आजी-आजोबांना प्रमाणाचं हे गणित कुणी शिकवलं नव्हतं, पण ते बरोबर जमलेलं होतं.

पण पंधरा दिवसांनी त्या अळिवाचं काय होतं? ते आडवं पडतं, पिवळं होतं. बियाण्यातली शिदोरी संपलेली असते, खाली माती बोटभर, आणि गर्दी तर विचारूच नका. त्याचं आपल्याला दुःख नसतं, कारण तोवर दिवाळी संपलेली असते. याला मी आरास म्हणते. आरास ठरल्या दिवशी मांडायची आणि ठरल्या दिवशी उचलायची. आपल्या गणपतीचा देखावाही तसाच. न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये १९९२ पासून दर हिवाळ्यात आगगाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे पॉल बुसे या उद्यानरचनाकाराच्या मंडळींनी शहरातल्या प्रसिद्ध इमारती झाडाच्या साली, काटक्या, बिया आणि शेंगांपासून केल्या आहेत. काम फारच सुरेख. पण ते काचघराच्या आत, हिवाळ्यापुरतं. म्हणजे हिशेबाने आरासच.

आमची गाडी वर्षाचे ३६५ दिवस उघड्यावर असते. म्हणजे ती बाग झाली. आणि बागेत एक अडचण असते, जी आराशीत नसते. इमारत तुम्ही जेवढी केली तेवढीच राहते. डबा तेवढाच राहतो. फलाटावरचा हमाल आठ वर्षं साडेसात सेंटिमीटरचाच आहे. झाड मात्र कुणाचं ऐकत नाही.

आता जरा गाडीविषयी, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. अशा बागेतल्या गाड्या १९६८ साली जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या लेहमन कंपनीने एलजीबी या नावाने बाजारात आणल्या आणि जगभर हा छंद पसरला. पुढे २००६ साली कंपनीचं दिवाळं निघालं आणि मेर्कलिनने ती घेतली, पण रूळ तेच राहिले. दोन रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर. हे मीटरगेजचं प्रतिरूप धरलं, तर प्रमाण साधारण १ ला २२.५ येतं. म्हणजे खऱ्या जगातले साडेबावीस सेंटिमीटर आमच्या अंगणात एक सेंटिमीटर होतात. आमचा मुलगा कामानिमित्त जर्मनीत होता, तिथून त्याने एकेक तुकडा बॅगेत घालून आणला. भारतात हे सहज मिळत नाही, आणि मिळालं तर किंमत ऐकून खाली बसावं लागतं.

खरा वाद झाला तो ही गाडी कोणत्या मुलखातून जाणार यावर. माझं माहेर नेरळचं. माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली. दोन फुटी रूळ, लाल माती, अंजनी आणि जांभळीची दाट झाडी, पावसात दगडादगडावर शेवाळ. आगगाडी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हेच येणार. आमचे हे बार्शीकडचे. त्यांच्या डोळ्यांसमोर बार्शी लाइट. ती १८९७ ची, अडीच फुटी. बाभळी, चिंचा, काळी जमीन, रुळाच्या कडेने घायपात आणि मैलोन् मैल ऊन. मी म्हणायचे, "अहो, झाडं लावायची आहेत ना? मग बार्शीत काय लावू?" ते म्हणायचे, "अगं, रूळ ४५ मिलिमीटरचे. ना तुझं माथेरान, ना माझी बार्शी. हिशेबाने ही मीटरगेजच." म्हणजे मिरजेहून बेंगळुरूला येणारी. मान हलवणारी मंडळी दिसताहेत मला! नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत मिरजेला गाडी बदलूनच आपण इथे आलो. एकेकाळी मिरज स्टेशनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेजं होती. तर आमच्यात तह असा झाला, की गाडी मिरज-बेंगळुरू. अंगणाच्या एका टोकाला, पाण्याच्या टाकीजवळच्या सावलीत, घाटाचा हिरवा मुलूख माझा. दुसऱ्या टोकाला उन्हातला कोरडा मुलूख ह्यांचा. मध्ये स्टेशन.

आता झाडं. पहिला प्रश्न उंचीचा वाटतो, पण तो सोपा आहे. बारा मीटरचं झाड आमच्या प्रमाणात सुमारे त्रेपन्न सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन फूट. तेवढं रोप कुठल्याही नर्सरीत मिळतं. अवघड आहे ते पान. आंब्याचं पान वीतभर, वीस सेंटिमीटर धरा. प्रमाणात ते नऊ मिलिमीटर झालं पाहिजे. पिंपळाचं पान सात मिलिमीटर. आता सात-आठ मिलिमीटर पानांची, उन्हापावसात टिकणारी, खोड जाड होणारी झाडं आणायची कुठून? डोळ्याला फसवणं अवघड असतं मंडळी. स्टेशनाचं दार नऊ सेंटिमीटरचं आहे हे डोळा पाहतो, शेजारी पाच सेंटिमीटरचं पान पाहतो आणि लगेच म्हणतो, हं, हे खेळणं कुंडीत ठेवलंय.

फुलांचं तर बोलूच नका. मला जास्वंद प्रिय आणि बाप्पालाही. पण दहा सेंटिमीटरची जास्वंद त्या जगात सव्वादोन मीटरची होते. स्टेशनमास्तरांना खोलीत कोंडेल एवढं फूल! म्हणून आमच्या जास्वंदी कुंपणाबाहेर आहेत. रुळाजवळच्या झाडाला फूल आलं की मी खुडते. त्यातली एकच सवलत कुफियाला दिली आहे. तिची जांभळी फुलं इतकी बारीक की फुललेलं झुडूप वाटतं.

परदेशी पुस्तकं उघडली की पहिल्या पानावर एक झाड हटकून भेटतं, अल्बर्टा स्प्रूस. शंकूसारखं, घट्ट, वर्षाला दोन-चार इंच वाढणारं. त्याची हकिकत मजेची आहे. १९०४ साली अमेरिकेच्या अर्नोल्ड आर्बोरेटमचे जॅक आणि रेडर हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ कॅनडात अल्बर्टामध्ये लॅगन नावाच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत होते. रिकामा वेळ होता म्हणून आसपास हिंडले आणि त्यांना ही खुजी स्प्रूसची रोपं सापडली. जगभरच्या बागगाड्यांचं लाडकं झाड सापडलं तेही आगगाडीची वाट पाहताना! पण ते थंडीचं झाड. आपलं बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर, हवा छान. तरी त्या झाडाला हवी तशी थंडी इथे पडत नाही. तेव्हा पुस्तक मिटलं आणि नर्सऱ्या पालथ्या घातल्या. पुस्तकातून पद्धत घ्यावी, यादी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला सापडलेली सगळ्यात गुणी झाडं आपल्या ओळखीचीच आहेत. चिंच बघा. तिचं पान म्हणजे बारीक पर्णिकांची फणी. एकेक पर्णिका प्रमाणापेक्षा मोठीच, पण आकाश पर्णिकांच्या मधून दिसतं, म्हणून डोळा ते मान्य करतो. स्वयंपाकघरातल्या चिंचोक्यापासून रोप केलं, चार वर्षं छाटत गेले, आज स्टेशनामागे दीड फुटाची चिंच उभी आहे, खोड अंगठ्याएवढं. संध्याकाळी चिंचेची पानं मिटतात. डब्यांत दिवे लागलेली गाडी आणि बाजूला पानं मिटून झोपलेलं झाड हे प्लॅस्टिकमध्ये कुणी करून दाखवावं! बाभळीच्या पर्णिका तर अवघ्या चार-पाच मिलिमीटरच्या. रोप कुंडीत ठेवून छत्रीसारखं छाटलं की हुबेहूब माळावरची बाभूळ. काटे मात्र खरेच असतात. हमालाला लागत नाहीत, मला लागतात.

घायपाताची गोष्ट ह्यांना फार आवडते. दक्षिणेत रुळांच्या कडेने घायपाताच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. पाच-सहा फूट रुंदीचे ते तलवारींचे गुच्छ. लहान घायपात कितीही लहान घेतला तरी मोठाच होतो. पण हॅवर्थिया नावाची एक छोटी मांसल वनस्पती मिळते, आठ सेंटिमीटरची. गुणाकार करा. १८० सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट! रुळाकडेने बारा हॅवर्थिया लावल्या आणि हे खुर्ची टाकून पाऊण तास नुसते बघत बसले. शेराचं कुंपणही हवं होतं त्यांना. ते मात्र मी लावू दिलं नाही. शेराचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, आणि आमच्याकडे चार वर्षांची मुलं रुळाशी पोटावर झोपून गाडी बघतात.

टेकड्यांसाठी कोरियन गवत. लॉनवाले ते सतत कापतात, मी कापत नाही. न कापता सोडलं की त्याचे आपोआप मऊ उंचवटे होतात, अगदी दुरून दिसणाऱ्या डोंगररांगा. माझ्या घाटाच्या टोकाला पायलिया. पावसाळ्यात जुन्या भिंतींच्या फटीत उगवणारं, साबुदाण्यासारख्या पानांचं ते तण तुम्ही पाहिलं असेल, नाव माहीत नसेल. ते रानातल्या दाट झाडीसारखं दिसतं आणि फुकट मिळतं. शिवाय शेवाळ, सेलाजिनेला, दोन बारीक नेचे. आणि फुकियन टी नावाने बोन्सायवाले विकतात ते झुडूप. नाव चिनी, पण झुडूप दक्षिण भारतातही रानात वाढतं.

झुडपाचं झाड कसं करायचं हे मला फार जण विचारतात. कात्री घ्या आणि खालचा एक तृतीयांश भाग मोकळा करा. खोड दिसलं की झाड, खोड झाकलं की झुडूप. मग आतल्या आत जाणाऱ्या फांद्या काढा, म्हणजे पानांतून उजेड दिसेल. पुढे नवीन फुटव्याची दोन पानं ठेवायची आणि बाकी खुडायचं. असं वारंवार केलं की पुष्कळ जातींत पुढची पानं लहान येऊ लागतात. पावसाळ्यात दर आठवड्याला. मी गावाला गेले आणि तीन आठवड्यांनी परतले, की स्टेशनाला जंगल गिळायला आलेलं असतं.

आणि मुळं. वड, पिंपळ, कुठलाही फायकस आमच्या अंगणात थेट जमिनीत लावलेला नाही. पहिल्या वर्षी पानं बघाल, तिसऱ्या वर्षी मुळं रूळ उचलतील. मोठी होणारी सगळी झाडं कुंडीसकट जमिनीत पुरलेली आहेत, काठ मातीखाली झाकलेला. मुळं कुंडीत अडतात, झाड आवरतं राहतं, आणि दोन वर्षांनी बाहेर काढून मुळं छाटता येतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून येणारं पिंपळाचं रोप मात्र भिंतीच्या फटीत दिसलं की त्याच दिवशी काढायचं. त्याबाबतीत भक्तिभाव आड येऊ देत नाही.

आता झाडांनी गाडीला दिलेला त्रास. खऱ्या रेल्वेत गाडीच्या भोवती किती जागा मोकळी हवी याचं माप ठरलेलं असतं. ह्यांनी प्लायवूडची एक चौकट कापून मालडब्यावर बसवली आहे. रविवारी पहिली फेरी त्या डब्याची. चौकटीला जे पान लागेल ते कापायचं, मग ते कितीही लाडकं असो. फेरी संपली की हे निकाल वाचून दाखवतात: "चिंचेची एक फांदी, कुफियाच्या तीन." आणि मी कात्री घेऊन निघते.

रुळाखाली खडी. इथे खडीला जेली म्हणतात हे नवीन आलेल्यांना सांगून ठेवते, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात गोंधळ होतो. बांधकामाची वीस मिलिमीटर जेली आमच्या प्रमाणात दीड फुटाचा धोंडा होते. म्हणून क्रशरवरची तीन मिलिमीटरची कच आणायची. ती टोकदार हवी. टोकं एकमेकांत अडकतात, रूळ धरून ठेवतात. गोल गोटे घरंगळतात. खऱ्या मार्गावर गँगमन खडीतलं गवत काढत राहतात ते शोभेसाठी नाही. गवताने माती धरली की पाणी निचरत नाही, आणि खडीचं अर्धं काम निचऱ्याचं.

आमच्या खडीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण असेल? दुर्वा! ऐकून कानांवर हात ठेवू नका. दुर्वेचे धावरे खडीत शिरतात, पेरापेरावर मूळ धरतात आणि महिन्याभरात रूळ दिसेनासा होतो. उपटलं तरी पेर राहतंच. तणनाशक मी वापरत नाही, तेव्हा चिमटा घेऊन बसायचं. पण त्यात सोयही आहे. गणपतीच्या दिवसांत रोज एकवीस दुर्वांची जुडी लागते, आणि खडीत वाढलेल्या दुर्वा कोवळ्या, स्वच्छ असतात. त्यामुळे वर्षातल्या या दहा दिवसांत आमचा लोहमार्ग एकदम तपासणीला तयार असतो.

ओल्या पानांचा लगदा रुळावर बसला की चाकं घसरतात. यात हसण्यासारखं काही नाही, ब्रिटनच्या खऱ्या रेल्वेला दर शरद ऋतूत हाच त्रास होतो, रूळ धुणाऱ्या खास गाड्या चालवतात ते. आमच्याकडे त्यात भर म्हणजे आफ्रिकन गोगलगाई. पावसाळी रात्री रुळावरून फिरतात, सकाळी इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. हातमोजे घालून, बादली घेऊन उजाडायच्या आत वेचायच्या, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

इथपर्यंतचं सगळं कौतुकाचं होतं. आता २०२४ चा उन्हाळा. तो तुम्हाला वेगळा सांगायला नको. आदल्या वर्षी पाऊस कमी, शहरभर बोअरवेल आटल्या, टँकरसाठी रांगा. मार्चमध्ये पिण्याचं पाणी बागेला घालायला बंदी आली, मोडली तर पाच हजार रुपये दंड. आमची बोअरवेल आधीच बंद पडली होती. दंडाचं सोडा, पण समोरच्या बिल्डिंगमधली कामाला येणारी बाई दोन घागरींसाठी पहाटे उभी राहते, आणि आपण आगगाडीच्या झाडांना नळी लावायची, हे शक्यच नव्हतं.

तांदूळ, भाजी धुतल्याचं पाणी धरून आमच्याकडे दिवसाला दोन बादल्या निघायच्या. अंगणात पुरलेल्या कुंड्या आणि वाफे धरून झाडं दीडशेच्या वर. दोन बादल्यांत दीडशे जगत नाहीत. हे म्हणाले, "थोडं थोडं सगळ्यांना देऊ." मी म्हटलं, नाही. थोडं थोडं दिलं की सगळीच मरतात, फक्त हळूहळू. एका रविवारी पहिली फेरी न चालवता आम्ही दोघं वही घेऊन बसलो. कुणाला पाणी द्यायचं, कुणाला नाही. तीस वर्षं शिकवलेलं वनस्पतिशास्त्र मला त्या दिवशी वापरावं लागलं, आणि ते काही सुखाचं काम नव्हतं.

चिंच, बाभूळ, फुकियन टी यांना पाणी. त्यांच्यामागे चार-सहा वर्षांची छाटणी होती, ती विकत मिळत नाही. हॅवर्थियांना आठवड्याला चमचाभर. जेडला जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडे नर्सरीत पुष्कळदा जेड म्हणून मिळतं ते मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, पोर्टुलाकेरिया. तिकडे हत्तींचं आवडतं खाद्य. गणपतीच्या मंडपात हे सांगायला हरकत नाही. पाणी कमी पडलं की ते आपल्या श्वासाची वेळ बदलतं. दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतं, रात्री गारव्यात उघडतं, आणि तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं. जाड पानांत पाणी असतंच. कोरियन गवताला शून्य. ते पिवळं पडतं, पण जमिनीखालचे खोडांचे तुकडे जिवंत राहतात. शेवाळाला शून्य. शेवाळ वाळून पापड होतं तरी मरत नाही, थेंब पडला की तासाभरात हिरवं.

उरले सेलाजिनेला, नेचे आणि पायलिया. माझा घाट. त्यांना रोज पाणी लागणार आणि तेही भरपूर. वहीत त्यांच्यापुढे मी स्वतः फुली मारली. हे म्हणाले, "अगं, निदान एक नेचा ठेव, कुंडीत, न्हाणीघरात." एक ठेवला. बाकी दहा दिवसांत संपले. टाकीजवळचा तो कोपरा राखाडी झाला आणि गाडी त्यातून जाताना आम्ही दोघंही दुसरीकडे बघायचो.

मे महिन्यात पाऊस आला. कोरियन गवत आठवड्यात फुटलं. शेवाळ त्याच संध्याकाळी. पायलियाचं बी फटींतून पडलेलं होतं, ते आपणहून उगवलं. सेलाजिनेला आणि नेचे गेले ते गेलेच. मुलाने फोनवर विचारलं, "आई, पुन्हा लावणार का? मी रोपं ऑर्डर करतो." मी आठवडाभर विचार केला. टाकी भरलेली होती. पण पुढच्या एखाद्या वर्षी पाऊस पुन्हा कमी होईल, आणि तेव्हा मी सत्तरीच्या पलीकडे असेन. दोन बादल्यांत जेवढं जगेल तेवढंच लावायचं, असं ठरवलं. त्या कोपऱ्यात आता जेडचे बुंधे आहेत. चार वर्षांच्या फांद्या, खाली मोकळ्या केलेल्या, खोडाला सुरकुत्या. दुरून बघाल तर माळावरच्या जुन्या झाडांचं बन वाटतं. लाल माती बेंगळुरूची आयतीच आहे, तिने मात्र मला थोडं माथेरान ठेवलंय.

म्हणजे आमची गाडी आता जवळजवळ पूर्ण रस्ता बार्शीतूनच जाते. हे याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. तेवढी समज चाळीस वर्षांच्या संसारात आली आहे. फक्त परवा त्यांनी टाकीजवळच्या थांब्यावर नवीन पाटी लावली. मी बघितली तर तिच्यावर 'नेरळ' लिहिलेलं.

हो हो, घंटा ऐकली. दोनच मिनिटं.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी रुळापासून सुरुवात करू नये. पैसे घालवायची घाई नको. बाल्कनीत एक लांबट ट्रे घ्या, खाली भोकं हवीतच. घरातलं कुठलंही खेळण्यातलं वाहन मध्ये ठेवा आणि त्याच्या दाराचं माप घ्या. मग त्या दारापुढे कुठलं पान शोभतं ते शोधत नर्सरीत जा. नर्सरीवाला आधी वेड्यात काढेल. मोजपट्टी घेऊन पानं मोजणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलेलं नसतं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तो ट्रे सांभाळा. तोवर झाड रविवारी किती वेळ मागतं हे कळेल, आणि रूळ घ्यायचे की नाही ते तेव्हा ठरवा.

दाराशी बुटांच्या रॅकशेजारी टेबलावर मी जेडच्या काड्या ठेवल्या आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. साठ-सत्तर असतील, प्रत्येक घराने एकेकच घ्या. घरी गेल्यावर लगेच लावू नका. तीन दिवस सावलीत तशाच पडू द्या, म्हणजे कापलेलं टोक सुकेल. मग वाळू मिसळलेल्या मातीत खोचा आणि आठवडाभर पाणी घालू नका. मुलांना हे सांगून ठेवा, कारण पाणी घालायची घाई त्यांनाच असते. आणि रविवारी यायचं असेल तर नऊच्या आत या. पहिली फेरी चौकटीच्या डब्याची असते, तेव्हा मला एक हात कात्रीला जास्तीचा लागतो.

आता आरतीला उठूया.